मुंबई बंदरातील जहाजे संगणकाच्या पडद्यावर

गेटवे ऑफ इंडियाच्या कठड्यापाशी उभे राहून पूर्वेकडे नजर टाकली, की नांगरलेली आणि ये-जा करणारी अनेक जहाजे दिसतात. त्यांतील कोणते जहाज कोठून आले आणि कोठे निघाले, हे पूर्वी बंदराच्या कचेरीतील मंडळींनाच ठाऊक असे. आता मरीनट्रॅफिक, वेसलफाइंडर यांसारख्या संकेतस्थळांवरील नकाशा उघडला, की जहाजाचे नाव, ध्वज, वेग आणि दिशा कोणालाही पाहता येते. मात्र हा नकाशा काय दाखवतो आणि काय दाखवू शकत नाही, हे दोन्ही जाणून घेतले तरच त्याचा खरा उपयोग होतो.

माहिती येते कोठून?

नकाशावरील खुणा म्हणजे उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे नव्हेत. जहाजे स्वतःच आपली माहिती रेडिओ लहरींवरून प्रसारित करीत असतात. या व्यवस्थेला स्वयंचलित ओळख यंत्रणा, अर्थात ‘एआयएस’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ‘सोलास’ करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवास करणारी ३०० टनांवरील सर्व जहाजे, देशांतर्गत वाहतुकीतील ५०० टनांवरील मालवाहू जहाजे आणि सर्व प्रवासी जहाजे यांच्यावर ती २००४ अखेरपर्यंत बसवणे बंधनकारक झाले. (येथे ‘टन’ हे जहाजाच्या आकारमानाचे माप आहे, वजनाचे नव्हे.)

चालते जहाज दर दोन ते दहा सेकंदांनी, तर नांगरलेले जहाज दर तीन मिनिटांनी आपले स्थान कळवते. जहाजांनी एकमेकांना ओळखावे आणि टक्कर टाळावी, हा मूळ हेतू. हे संदेश सांकेतिक भाषेत नसल्याने साधा ग्राहक-संच आणि अँटेना असलेल्या कोणालाही ते पकडता येतात. ग्रीसमधील एजियन विद्यापीठात २००७ मध्ये सुरू झालेल्या मरीनट्रॅफिकने जगभरच्या हौशी मंडळींनी पकडलेले असे संदेश एकाच नकाशावर आणले. या लहरी साधारण दृष्टिरेषेतच जातात. दोन जहाजांमध्ये सुमारे २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर, आणि उंचावरील अँटेनाला त्याहून काहीसे अधिक अंतर गाठता येते. त्यापलीकडील संदेश उपग्रहांमार्फत टिपले जातात. ही माहिती बहुधा शुल्क भरणाऱ्यांनाच मिळते.

नकाशा कसा वाचावा?

मरीनट्रॅफिकवर मालवाहू जहाजे हिरव्या, तेलवाहू लाल आणि प्रवासी निळ्या रंगात दिसतात. बाणासारखी खूण म्हणजे चालते जहाज, तर गोल ठिपका म्हणजे थांबलेले. मुंबई बंदरात जवाहर द्वीपाजवळ लाल, तर न्हावा-शेवाच्या धक्क्यांवर हिरव्या खुणा का दिसतात, हे यावरून लगेच कळते. वेग ‘नॉट’मध्ये असतो, एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. नांगरलेल्या जहाजाचा माग वर्तुळाकार किंवा चंद्रकोरीसारखा दिसला, तर ते भरकटले असे समजू नये. भरती-ओहोटीबरोबर ते नांगराभोवती फिरत असते.

स्थान आणि वेग यंत्र आपोआप कळवते. परंतु गंतव्य बंदर, पोहोचण्याची वेळ आणि जहाजाची बूड, म्हणजे पाण्याखालील खोली, हा तपशील अधिकारी हाताने भरतात. त्यामुळे मागील प्रवासाचा तपशील तसाच राहून गेलेला आढळतो. ‘आयएनएनएसए’ म्हणजे न्हावा-शेवा आणि ‘आयएनबीओएम’ म्हणजे मुंबई. जहाजाने कळवलेली वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते. तिच्यात साडेपाच तास मिळवावेत. ध्वजावरून मालक कोण हे ठरवू नये. पनामा, लायबेरियाचा ध्वज लावलेल्या अनेक जहाजांचे मालक अन्य देशांत असतात. जहाजाचे नाव बदलले तरी त्याचा सात आकडी ‘आयएमओ’ क्रमांक मात्र कायम राहतो.

जे दिसत नाही

जे जहाज स्वतःविषयी बोलत नाही, ते या नकाशावर नसते. युद्धनौकांना हा नियम लागू नाही. किनाऱ्यालगतच्या बहुसंख्य लहान होड्यांवर हे यंत्र नसते. आणि ज्या जहाजातील वीजच गेली, त्याचे यंत्र तरी किती काळ बोलणार? ओमाननजीक खलाशांनी सोडून दिलेले ‘पवित’ हे तेलवाहू जहाज वाहत वाहत ३१ जुलै २०११ रोजी थेट जुहूच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा मुंबईकर चकित झाले होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील दहशतवादीही ‘कुबेर’ या मासेमारी नौकेतून मुंबईजवळ पोहोचले होते. त्यानंतर किनारी टेहळणीवर भर देण्यात आला. दीपगृहांवर एआयएस केंद्रांचे राष्ट्रीय जाळे उभे राहिले, तर ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला.

दिसणारी खूणही नेहमी खरी असेलच असे नाही. उपग्रहाकडून येणाऱ्या स्थानसंकेतात कोणी ढवळाढवळ केली, तर जहाज चुकीचे स्थान कळवते. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील काही जहाजे अशीच एका विमानतळावर ‘उभी’ असल्याचे दिसले होते. शिवाय यंत्र चालू असले तरी अपघात टळतोच असेही नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. दोन्ही जहाजे एआयएस बंधनकारक असलेल्या वर्गातील होती. तरीही शेकडो कंटेनर समुद्रात पडले, तेल उरण-अलिबागपर्यंत पसरले आणि बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली.

उघड माहितीचा प्रश्न

ही माहिती सर्वांसाठी खुली असावी काय, हा वाद जुनाच आहे. ती इंटरनेटवर प्रसिद्ध केल्याने जहाजांची सुरक्षितता धोक्यात येते, असे सांगून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सुरक्षा समितीने डिसेंबर २००४ मध्येच तिचा निषेध केला होता. दुसरीकडे, समुद्रावरील आप्तांची वाट पाहणारी कुटुंबे, मालाची प्रतीक्षा करणारे व्यापारी आणि तेलगळतीचा माग काढणारे पर्यावरण अभ्यासक यांना याच नकाशाचा आधार वाटतो.

वाचकांनी एक पथ्य अवश्य पाळावे. होडीने समुद्रात जाताना वाट मोकळी आहे की नाही, हे या नकाशावरून ठरवू नये. संदेश मिनिटे किंवा तासांपूर्वीचा असू शकतो. त्याची वेळ खुणेवर टिचकी मारल्यास दिसते. नकाशावर पाणी मोकळे दिसते याचा अर्थ तेथे कोणी नाही असा होत नाही. तेथून कोणाचा आवाज आलेला नाही, इतकाच होतो.