रोमान्स भाषांतील शब्दसाम्याचा ऐतिहासिक अर्थ

फ्रीड्रिख डीत्स यांच्या व्याकरणाने (१८३६–४४) रोमान्स भाषांच्या तौलनिक अभ्यासाला शास्त्रीय पाया मिळवून दिला. तथापि या भाषांतील शब्दसाम्याचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न सोपा नाही. ज्या दोन भाषांत समान शब्द अधिक, त्या परस्परांना अधिक जवळच्या, असे मानण्याकडे सहज कल होतो. हे गृहीत कितपत टिकते, ते येथे पाहावयाचे आहे.

स्पॅनिश व रुमानियन या रोमान्स प्रदेशाच्या दोन टोकांच्या भाषा होत. रोमन सैन्य स्पेनमध्ये इ. स. पू. २१८ मध्ये उतरले. डेशिया प्रांत इ. स. १०६ मध्ये जिंकला गेला. असे असूनही 'सुंदर' या अर्थी स्पॅनिशमध्ये 'एर्मोसो' व रुमानियनमध्ये 'फ्रुमोस' हे शब्द आढळतात. दोहोंचे मूळ लॅटिन 'फोर्मोसुस' हेच. मधल्या फ्रेंच व इटालियन भाषांत मात्र 'बेल्लुस'पासून आलेले 'बो' व 'बेल्लो' रूढ आहेत. 'अधिक' या अर्थी टोकांना 'मास' व 'माय' (मूळ 'मागिस'), तर मध्यभागी 'प्ल्यू' व 'प्यू' (मूळ 'प्लूस'). टेबलाला टोकांना 'मेसा' व 'मासऽ' (मूळ 'मेन्सा'), तर मध्यभागी 'ताब्ल' व 'ताव्होला' (मूळ 'ताबुला') म्हणतात.

मात्तेओ बार्तोली यांनी याची उपपत्ती अशी दिली : मध्यवर्ती प्रदेशात रुजलेले नवे प्रघात सीमेपर्यंत पोहोचले नाहीत, म्हणून तेथे जुने शब्द टिकले. म्हणजे हे साम्य परस्परसंपर्काचे नव्हे, तर समान जतनाचे द्योतक आहे. शिवाय मध्यभागात जुना शब्द लुप्तच होतो असे नाही. 'मागिस' हा फ्रेंच 'मे' व इटालियन 'मा' या रूपांनी 'परंतु' या अर्थी नांदत आहे. उलट स्पॅनिश 'ताब्ला'ने 'फळी' हा मूळ अर्थ राखला आहे.

हा नियम सार्वत्रिक मात्र नव्हे. लॅटिन 'आनिमा' म्हणजे प्राण. त्यापासून आलेल्या रुमानियन 'इनिमऽ'चा अर्थ 'हृदय' असा झाला. सीमाप्रदेशही नवनिर्मिती करतो, हे यावरून दिसते.

याहून महत्त्वाचा भेद आपल्या परिभाषेत तद्भव व तत्सम यांचा. लॅटिन 'मेन्सेम' (महिना) याचे इटालियन रूप 'मेसे'. येथे 'स'पूर्वीचा 'न' लोपला आहे. सामुदायिक भोजनगृहाला इटालियनमध्ये 'मेन्सा' म्हणतात, त्यात हा 'न' कायम आहे. अर्थात तो शब्द ग्रंथांतून मागाहून उचललेला होय. रुमानियनमध्येही 'शतक' या अर्थी स्लाव्ह मूळचा 'व्याक' जुना असून 'सेकोल' हा आधुनिक काळातील उसना शब्द आहे. केवळ मोजणी केली, तर वारसा व उसनवारी एकाच रकान्यात जमा होतात आणि भाषांच्या नात्याविषयी भलताच निष्कर्ष निघतो. म्हणून शब्द मोजण्यापूर्वी प्रत्येकाचे ध्वनिरूप तपासून त्याचा काळ ठरविणे, हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.