चांद्याच्या वाटेवरचे कागद

जामला नागपूरहून येणारा रस्ता फुटतो. एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरला, म्हणजे जुन्या चांद्याला. माझं बालपण या फाट्यावर गेलं. चांद्याच्या किल्ल्याचे कागद मात्र मला सापडले ते पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत, लॅपटॉपवर.

मे 1818. सीताबर्डीची लढाई होऊन सहा महिने झाले होते. कर्नल ॲडम्सच्या फौजेने चांद्याला वेढा घातला, तोफांनी तटाला खिंडार पाडलं. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला.

ब्लॅकरचं 1821 चं युद्धवर्णन, रेसिडेंट जेन्किन्सचा 1827 चा अहवाल, या. मा. काळ्यांचा 1934 चा 'नागपूर प्रांताचा इतिहास': माझं फोल्डर वाढत गेलं. पण तटाच्या आतून लिहिलेला एकही कागद त्यात नाही.

आतल्यांनी लिहिलं असेल ते मोडीत. आमच्याही माळ्यावर मोडी कागदांचं गाठोडं होतं. मी कॉलेजात असताना घर रंगवलं, तेव्हा ते रद्दीत गेलं.

"वाचता कोणाला येतं?" आई म्हणाली. मलाही येत नव्हतं.

आता दर रविवारी मोडी शिकतो. राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडले. माझ्या खिशात निदान कॅमेरा आहे. गेल्या दिवाळीत शेजारच्या काकांनी पत्र्याची पेटी उघडली. शेतसाऱ्याचे हिशेब निघाले. गंगासिंग नव्हता. तरी प्रत्येक पानाचा फोटो काढला.

तुमच्याही घरी माळा असेल. रंगारी यायच्या आधी एकदा वर चढून बघा.