राजाच्या ताटातली अवेळची भाजी

आपल्याकडे थंडी म्हणजे भाज्यांची चंगळ. मेथी, मुळा, पावटा, ओला हरभरा! आमची अम्मी चाळीच्या खिडकीत फुटक्या घमेल्यात कोथिंबीर लावायची आणि ती डिसेंबरातच सगळ्यात तरारून यायची. त्यामुळे हिवाळ्यात भाजी घरात ठेवून, ऊब देऊन जगवावी लागते, हे मला फार उशिरा, पुस्तकांतून कळलं. पण जिथं मातीच गोठते, तिथं हा खटाटोप दोन हजार वर्षांचा आहे.

रोमचा सम्राट टायबेरिअस याला काकडीवाचून एक दिवस चालत नसे, असं प्लिनी लिहितो. इसवी सन 14 ते 37 हा त्याच्या राज्याचा काळ. त्याच्या माळ्यांनी वाफे चक्क चाकांवर बसवले. ऊन पडलं की वाफा बाहेर ढकलायचा. थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांनी मढवलेल्या चौकटीखाली आणायचा. अलीकडच्या काही संशोधकांच्या मते ती काकडी आपली काकडी नव्हेच. खरबुजाच्या कुळातलं लांबट फळ, म्हणजे आपल्या वाळकाचंच भावंड!

त्याआधी चीनमध्ये हान राजवाड्याच्या बागेत कांद्याची पात आणि पालेभाज्या छपराखाली वाढत. त्यासाठी रात्रंदिवस विस्तव पेटता ठेवत. इसवी सनपूर्व 33 च्या सुमारास शाओ शिनचेन या अधिकाऱ्यानं अर्ज केला, की या अवेळच्या वस्तू माणसाला अपायकारक आहेत, त्या बंद कराव्यात. त्याचं ऐकलं गेलं आणि वर्षाकाठी काही कोटी नाणी वाचली, असं हान इतिहासात नोंदलं आहे.

मला हा माणूस आवडतो. त्यानं कारण प्रकृतीचं दिलं, पण हिशेब खर्चाचा होता. राजाच्या पातीला ऊब द्यायला जळण लागे आणि ते तोडून आणणारी माणसं दुसरीच असत. त्यांच्या ताटात ती पात कधी पडली असेल?

पंधराव्या शतकात कोरियाच्या एका राजवैद्यानं ‘सांगायोरोक’ या ग्रंथात युक्ती लिहून ठेवली. तीन बाजूंना मातीच्या भिंती, दक्षिणेला तेल लावलेला कागद, जमिनीखालून धुराची ऊब. हा ग्रंथ 2001 मध्ये पुन्हा उजेडात आला.

आणि आपल्या लडाखमध्ये? लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर. खिंडी बर्फानं बंद झाल्या की ताजी भाजी दिसत नसे. 1962 मध्ये लेहला लष्करासाठी संशोधन केंद्र सुरू झालं. जवानांना ताजी भाजी मिळावी, हा हेतू. जमिनीत चर खणायचा, वर प्लास्टिक ताणायचं, रात्री पांघरूण घालायचं. पुढं शेतकऱ्यांच्या घरांना लागून उबदार खोल्या उभ्या राहिल्या. तीन बाजूंना मातीच्या भिंती, दक्षिणेला प्लास्टिक. कोरियाच्या वैद्याचीच रचना, फक्त खालचा विस्तव नाही. दिवसाचं ऊन भिंती साठवतात आणि रात्री परत देतात. बाहेर उणे वीस अंश आणि आत पालक, मेथी, कोथिंबीर!

भाजी तीच, अवेळचीच. पण इथं ती ज्यानं पेरली त्याच्याच ताटात पडते, आणि तिच्यापायी कुणाचं जळण जात नाही. शाओ शिनचेन लेहला आला असता, तर त्यानं अर्ज लिहिला नसता, असं मला वाटतं.

अम्मीच्या घमेल्यातली कोथिंबीर चार काड्याच निघायची. तरी त्यातल्या दोन शेजारी जायच्या.