दुसरी प्रत कोठें ठेवावी ?

शहरांतील पुष्कळ सुशिक्षित घरांतून आज एक लहानशी पेटी दृष्टीस पडते. घरांतील संगणक, मोबाईल व दूरदर्शन-संच यांना ती एकाच जाळ्यानें जोडलेली असते. मुलांचीं छायाचित्रें, लग्नकार्यांचीं चित्रणें, जागेच्या दस्तऐवजांच्या नकला आणि वडीलधाऱ्या माणसांचे ध्वनिमुद्रित आवाज असा सारा कौटुंबिक संग्रह तिच्या पोटांत सांठविलेला असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘नॅस’ असें म्हणतात. अशा पेटींत बहुधा दोन हार्ड डिस्क असतात आणि एकीवर लिहिलें जाणारें प्रत्येक अक्षर तत्क्षणीं दुसरीवरही उमटतें. मग ही पेटी घरांत असतां आणखी एक पेटी विकत घेण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न गृहस्थास पडणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकांत शोधण्यापेक्षां इतिहासांत शोधावें, असें मला वाटतें. आणि आजच्या भाषणांत मी तेंच करणार आहे.

दुसरी प्रत ही कल्पना आपणांस नवी नाहीं. छापखाना येण्यापूर्वीं ग्रंथाचें आयुष्य नकलेवरच अवलंबून असे. कित्येक जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिकानें वाचकास विनविलेलें आढळतें कीं, हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा आणि सैल बांधणीपासून जपा. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी पुढील तीन शतकें हातोहात उतरली गेली व उतरतां उतरतां तींत पाठभेद शिरले. शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथमहाराजांनीं तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पूर्ण झाली. तिच्यासाठीं काश्मीरच्या शारदा लिपींतील पोथ्यांपासून केरळच्या मल्याळम् लिपींतील पोथ्यांपर्यंत बाराशेंहून अधिक हस्तलिखितें पाहण्यांत आलीं. काश्मिरांतील लेखनिकाच्या हातून झालेली चूक केरळांतील पोथींत आपोआप शिरत नसे आणि केरळांतील पुराचें पाणी काश्मिरांत पोहोंचत नसे. प्रती अनेक होत्या याइतकेंच त्या एकमेकींपासून दूर व स्वतंत्र होत्या यालाही महत्त्व आहे.

दुसरी प्रत मुळींच नसली म्हणजे काय होतें, याचें ठळक उदाहरण अमेरिकेंत घडलें. सेंट लुई शहराच्या परिसरांत सैनिकांच्या सेवानोंदींचें एक प्रचंड राष्ट्रीय दप्तर आहे. १२ जुलै १९७३ रोजीं त्याच्या सहाव्या मजल्यास आग लागली व ती पूर्णपणें विझावयास चार दिवस लागले. सुमारें १ कोटि ६० लाख ते १ कोटि ८० लाख सैनिकांच्या नोंदी तींत नाहींशा झाल्या. त्या नोंदींची नक्कल कोठेंही ठेवलेली नव्हती. सूक्ष्मचित्रफितीही काढलेल्या नव्हत्या. ज्या माणसानें युद्धांत शरीर झिजविलें, त्याला आपण सैन्यांत होतों हें सिद्ध करणेंही अवघड होऊन बसलें. पुढें शेवटच्या पगाराचीं बिलें व इतर कचेऱ्यांतील कागद जुळवून पुष्कळांच्या नोंदी पुन्हां उभ्या करण्यांत आल्या. तेथें निदान असे इतर कागद तरी उपलब्ध होते. आपल्या घरांतील दिवंगत आजीचा आवाज कोणत्या कचेरींत मागावयाचा ?

आतां पेटींतील त्या दोन डिस्ककडे वळूं. १९८८ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत काम करणाऱ्या डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. एका मोठ्या व महाग डिस्कच्या जागीं अनेक लहान व स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्या, ही त्यांची सूचना होती. परंतु डिस्कची संख्या वाढली कीं त्यांपैकीं एखादी बिघडण्याचा संभव वाढतो. म्हणून कांहीं डिस्क जादा ठेवाव्या व एक बंद पडली तरी काम अडूं नये, अशी योजना त्यांनीं मांडली. ‘रेड’ या नांवानें ती सर्वत्र रूढ झाली. एका डिस्कचें प्रतिबिंब दुसरीवर ठेवण्याची युक्ति त्यापूर्वींही ठाऊक होती. या तिघांनीं तिला आपल्या वर्गीकरणांत पहिली पायरी दिली. मात्र प्रतिबिंबाचा गुण हाच त्याचा दोष आहे. आपण चुकून ‘पुसून टाक’ अशी आज्ञा केली, तर ती दोन्ही डिस्क सारख्याच तत्परतेनें पाळतात. चोर पेटी उचलतो तेव्हां दोन्ही डिस्क त्याच्याबरोबर जातात. प्रतिबिंब यंत्राच्या बिघाडापासून रक्षण करतें. माणसाच्या चुकीपासून, आगीपासून व चोरीपासून करीत नाहीं.

माणसाच्या चुकीचा प्रसंग १९९८ सालीं पिक्सार या चित्रपटसंस्थेवर आला. ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचें काम चालू असतां कोणी तरी दिलेल्या एका आज्ञेमुळें त्याच्या फाइली भराभर पुसल्या जाऊं लागल्या. यंत्रें बंद करीपर्यंत बहुतेक काम नाहींसें झालें होतें. राखीव प्रत काढण्याची व्यवस्था संस्थेंत होती. परंतु ती कांहीं काळ नीट चालत नव्हती आणि तिचा ताळा कोणी पाहिला नव्हता. सुदैवानें गॅलिन सुसमन या तंत्रविभागाच्या प्रमुख बाई बाळंतपणानंतर घरून काम करीत असत व त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची बरीचशी अलीकडची प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारींतून जपून आणण्यांत आला आणि त्यावरून बहुतेक काम परत मिळालें. संस्थेची दप्तरी व्यवस्था जेथें फसली, तेथें दूरच्या घरांतील एक यंत्र उपयोगी पडलें, तेंही योगायोगानें. आपण जी व्यवस्था करावयाची, ती योगायोगावर सोंपवून चालणार नाहीं.

दुसरी प्रत आहे, पण ती पहिलीच्याच शेजारीं आहे, अशी स्थितिही फसवी असते. १० मार्च १९२१ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १० मार्च २०२१ रोजीं, फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच या कंपनीची संगणकांनीं भरलेली एक पांच मजली इमारत जळून खाक झाली. मनुष्यहानि झाली नाहीं. परंतु ज्यांची मूळ प्रत व राखीव प्रत त्याच आवारांत होती, अशा कांहीं ग्राहकांच्या दोन्ही प्रती आगीनें नेल्या. नव्या पेटीला जुन्या पेटीच्याच फळीवर बसविणारा गृहस्थ हीच जोखीम पत्करतो.

तेव्हां दुसरी पेटी घ्यावी ती दुसऱ्या घरासाठीं. मुंबईच्या बिऱ्हाडाची पेटी नाशिकच्या बहिणीकडे ठेवावी व बहिणीचा संग्रह आपण सांभाळावा, हा सोयीचा मार्ग आहे. येथें आणखी एक शोध आपल्या मदतीस येतो. १९९६ सालीं ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनीं ‘आरसिंक’ नांवाची आज्ञावली प्रसिद्ध केली. ती दोन्हीकडील फाइलींच्या लहान लहान तुकड्यांचा ताळा जुळवून पाहते आणि जेवढा भाग बदलला असेल तेवढाच पाठविते. सेकंदास २० मेगाबिट वेगानें एक टेराबाइट संग्रह पाठवावयास साडेचार दिवसांहून अधिक वेळ लागतो. म्हणून पहिली संपूर्ण नक्कल एकाच घरांत बसून उतरावी, नंतर पेटी उचलून दुसऱ्या गांवीं न्यावी आणि मग रोज रात्रीं केवळ फरक पाठवावा.

यांत तीन पथ्यें पाळावयाचीं. पहिलें हें कीं, दुसऱ्या पेटीनें जुन्या आवृत्ति कांहीं महिने तरी राखून ठेवाव्या. नाहीं तर आज येथें झालेली चूक रात्रीं तिकडेही उमटेल. दुसरें असें कीं, तिचा परवलीचा शब्द निराळा असावा व घरांतील संगणकांना तीवर लिहिण्याची मुभा नसावी. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूनें जगभरच्या संगणकांतील फाइली कुलुपबंद केल्या आणि इंग्लंडांतील रुग्णालयांचें कामही त्यामुळें खोळंबलें. असे विषाणू घरांतून पोहोंचतां येईल त्या प्रत्येक पेटीवर हात टाकतात. तिसरें पथ्य सर्वांत सोपें, परंतु सर्वांत दुर्लक्षित आहे : वर्षांतून दोनदां तरी दुसऱ्या पेटींतून कांहीं छायाचित्रें व एखादें ध्वनिमुद्रण परत आणून प्रत्यक्ष उघडून पाहावें. जी प्रत कधीं उघडलीच नाहीं, ती आहे असें समजणें धोक्याचें होय.

पूर्वीं जुनीं छायाचित्रें व पत्रें पेटाऱ्यांत पडून राहत आणि पिढ्यांनंतरही वाचतां येत. डिस्क तशी पडून टिकत नाहीं; तिचें आयुष्य थोडें, आणि तींतील स्मृति टिकावयाची तर वेळच्या वेळीं नव्या डिस्कवर उतरावी लागते. म्हणजे आज प्रत्येक कुटुंबांत कोणास तरी लेखनिकाचें काम पत्करणें भाग आहे. तें कोण करणार हें घरांत आधींच ठरवावें आणि परवलीचे शब्द कागदावर लिहून दोघांच्या तरी हातीं द्यावे. कारण त्या शब्दांचीही दुसरी प्रत लागतेच.