छडी की शाबासकी? श्वान-प्रशिक्षणातील दोन हजार वर्षांचा वाद

#थ्रेड

१/ कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपली म्हण सांगते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. कुत्रा माणसाकडून हजारो वर्षे शिकत आला. वाद होता तो त्याला कसे शिकवावे याचा. आणि घरातल्या कुत्र्याला लागू झालेले बरेचसे नियम घरात ठरलेच नाहीत. ते ठरले शिकारीच्या रानात, पोलिसांच्या आवारात आणि प्राणिसंग्रहालयाच्या कुंपणात.

२/ अलेक्झांडरच्या हिंदुस्थानावरील स्वारीची माहिती ज्याच्या ग्रंथातून मिळते, तो ॲरियन इतिहासप्रेमींच्या परिचयाचा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तो रोमन साम्राज्यातील कप्पाडोकिया प्रांताचा प्रशासक होता. त्याने शिकारी कुत्र्यांवरही एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात त्याच्या ‘हॉर्मे’ या कुत्रीचे मोठे जिवंत वर्णन आहे.

३/ हॉर्मे घरी धन्याच्या सोबतीला राही. तो व्यायामशाळेकडे निघाला की बरोबर जाई. परतताना पुढे धावे आणि तो वाट सोडून भलतीकडे वळला नाही ना, हे मागे वळून पाही. जेवणाच्या वेळी पंजाने स्पर्श करून आपला वाटा मागे. घरी आणि बाहेर शहाणपणाने वागणाऱ्या कुत्र्याचे हे जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचे शब्दचित्र आहे.

४/ त्याच वर्णनात एक बोचरी नोंदही आहे. लहानपणी हॉर्मेला चाबकाचा धाक दाखवून शिकवले होते. पुढे कुणी ‘चाबूक’ हा शब्द नुसता उच्चारला, तरी ती त्या माणसापाशी जाऊन अंग चोरून बसे आणि विनवण्या करी. ॲरियनचा सल्ला असा, की शिकार साधल्यावर कुत्र्याचे डोके कुरवाळावे आणि नाव घेऊन शाबासकी द्यावी. शूर माणसांप्रमाणे त्यालाही स्तुती प्रिय असते.

५/ हा सल्ला सर्वमान्य झाला नाही. १९व्या शतकातील इंग्लंडमध्ये शिकारी कुत्रा तयार करण्याला ‘ब्रेकिंग’, शब्दशः ‘मोडणे’, म्हणत. लष्करी अधिकारी हचिन्सन याच्या १८४८ मधील ग्रंथाचे नावही ‘डॉग ब्रेकिंग’ असेच होते. तो स्वतः मात्र चाबकापेक्षा संयमाची बाजू घेणारा होता.

६/ १८९९ मध्ये बेल्जियममधील गेंट शहराच्या पोलिसांनी गस्तीसाठी कुत्रे नेमले आणि ही कल्पना युरोपभर पसरली. जर्मनीत पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट याने १९०६ पासून सारब्र्युकन येथे कुत्रे शिकवले. १९१० मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आधुनिक श्वान-प्रशिक्षणाचा पाया म्हणून त्याकडे पाहिले जाते.

७/ मोस्टचे निरीक्षण सूक्ष्म होते. कुत्र्याला मानवी नीतिअनीती कळत नाही, तो अनुभवातून शिकतो. म्हणून बक्षीस वा शिक्षा कृतीच्या क्षणीच मिळाली पाहिजे, असे त्याने मांडले. पण त्याच्या पद्धतीत बक्षिसाबरोबर छडी आणि काटेरी गळपट्टाही होता. पुढील पिढ्यांतील अनेकांनी त्याच्या निरीक्षणापेक्षा त्याची सक्तीच अधिक उचलली.

८/ हे शिक्षण घरगुती कुत्र्यांपर्यंत नेण्यात एका अमेरिकन महिलेचा मोठा वाटा आहे. हेलन व्हाइटहाउस वॉकर पूडल जातीचे कुत्रे पाळत. ‘हे केवळ शोभेचे कुत्रे’ हा टोमणा खोडण्यासाठी त्यांनी १९३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील माउंट किस्को येथे आज्ञापालनाची स्पर्धा भरवली. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा स्पर्धांना अधिकृत मान्यता दिली.

९/ दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी कुत्रे शिकवलेले प्रशिक्षक नागरी वर्गांत आले. त्यांपैकी विल्यम केलर यांचे १९६२ मधील पुस्तक अतिशय गाजले. गळा आवळणारी साखळी हे त्यांचे मुख्य साधन. अंगणात खड्डा खणणाऱ्या कुत्र्याचे तोंड पाण्याने भरलेल्या त्याच खड्ड्यात दाबावे, असाही उपाय त्यात आहे. शत्रूच्या गोळीबारात टिकणाऱ्या कुत्र्याची शिस्त अंगणातल्या कुत्र्याच्या वाट्याला आली.

१०/ या सक्तीला शास्त्राचा आधार मिळाला तो लांडग्यांकडून. रुडोल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधील बासेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. कुंपणात एकत्र कोंडलेले ते लांडगे वर्चस्वासाठी झगडत. डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील ‘द वुल्फ’ या पुस्तकाने ‘अल्फा’ लांडग्याची कल्पना घरोघरी पोहोचवली.

११/ निष्कर्ष सोपा वाटला: कुत्रा लांडग्याचा वंशज, म्हणून मालकाने ‘अल्फा’ व्हावे. न्यू स्कीट मठातील साधूंनी १९७८ च्या आपल्या लोकप्रिय पुस्तकात कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरण्याची रीत सांगितली. सोफ्यावर चढणारे किंवा दोरी ओढणारे साधे पिल्लूही आता सत्तेचा दावेदार ठरू लागले.

१२/ दुसरी वाट प्रयोगशाळेतून निघाली होती. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेखात टिकटिक वाजणाऱ्या खेळण्याने कुत्रा कसा शिकवावा हे सांगितले. आधी टिकटिक झाली की खाऊ मिळतो, हे कुत्र्याला उमगू द्यायचे. मग हवी ती कृती घडताच टिकटिक करायची. नेमके काय आवडले, हे कुत्र्याला तत्क्षणी कळते.

१३/ स्किनर यांचे विद्यार्थी केलर व मॅरियन ब्रेलँड यांनी ही पद्धत व्यवसायात उतरवली. १९६० च्या दशकात कॅरेन प्रायर हवाई बेटांवर डॉल्फिन शिकवू लागल्या. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही. रागावले तर तो पोहत दूर जातो. उरते शिट्टी आणि मासा. त्या अनुभवावर आधारलेले त्यांचे पुस्तक १९८४ मध्ये आले आणि १९९० च्या दशकात ‘क्लिकर’ श्वान-प्रशिक्षणात रुजला.

१४/ आता मेक यांच्याकडे वळू. त्यांनी कॅनडाच्या उत्तरेकडील एल्झमीर बेटावर मुक्त लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण केले. १९९९ मध्ये त्यांनी लिहिले, की रानातील कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. तेथे ‘अल्फा’ म्हणजे केवळ पालक. स्वतःच लोकप्रिय केलेली कल्पना त्यांनी खोडली. न्यू स्कीटच्या साधूंनीही २००२ च्या आवृत्तीत उताणे पाडण्याची रीत मागे घेतली.

१५/ मग छडी इतकी वर्षे का टिकली? कारण तिचा परिणाम लगेच दिसतो. पाहुण्यांवर उडी मारणारा कुत्रा फटका बसताच थांबतो. पण उडीऐवजी काय करावे, हे त्याला कळत नाही, आणि पाहुणा म्हणजे वेदना हे मात्र पक्के होते. त्याच क्षणी त्याला बसायला शिकवून बसल्यावरच जवळ घेतले, तर पाहुणा येताच तो आपणहून बसतो. रस्त्यावरही तेच: दोरी ताणली की माणसाने थांबायचे, सैल पडली की चालायचे. यात वेळ जातो, भीती उरत नाही.

१६/ २०२१ मध्ये प्राणिवर्तनाच्या अमेरिकी पशुवैद्यक संघटनेने सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित शिक्षणाचीच शिफारस केली. छडीशिवाय विद्या नाही, ही समजूत आपल्या शाळांनाही नवी नव्हती. तेथेही ती मोडायला पिढ्या लागल्या. कुत्र्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. हॉर्मेला एका शब्दाची भीती जन्मभर पुरली, ही साक्ष मात्र तिच्या धन्याने लिहून ठेवली होती.