म्हसवडचा रेडिओ आणि आईच्या ओव्या



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा सेक्रेटरीबाईंचा आग्रह पडला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु एका रेडिओची हकीकत बरेच दिवस मनात घोळते आहे, तीच इथे सांगते.

माझे माहेर अंबरनाथचे. पण आईचे माहेर सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हसवडजवळ. वडील इकडे कारखान्यात लागले म्हणून ती आली. चाळीत जाते नव्हते, दळण गिरणीतून येई. म्हणून आईच्या ओव्या तांदूळ निवडताना नाहीतर गोधडी शिवताना ऐकायला मिळत. रेडिओवर मुंबई केंद्राचे ‘वनिता मंडळ’ किंवा ‘आपली आवड’ लागले की ती आपले गाणे थांबवी. रेडिओवरचे ते गाणे, आणि आपले ते नुसते गुणगुणणे, अशी तिची समजूत.

तसे माणदेशाचे आणि रेडिओचे नाते जुने आहे. कविवर्य ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. त्यांचे ‘गीतरामायण’ सुधीर फडके यांच्या संगीतात १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावर वर्षभर चालले. एकूण छप्पन्न गीते! घरोघरी लोक रेडिओला हार घालत, असे सासूबाई सांगत. माणदेशाचा कवी असा पुण्याहून देशभर पोचला. तिथल्या बायका मात्र जात्यापाशीच गात राहिल्या.

त्यांच्यापर्यंत रेडिओ पोचायला पुढे त्रेपन्न वर्षे लागली. रेडिओच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २००२ मध्ये सरकारने शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सेवाभावी संस्थांनाही लहान रेडिओ केंद्रे काढण्यास मुभा दिली. निम्मे तरी कार्यक्रम आसपासच्या लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, असा त्यात नियम आहे. मला हा नियम फार आवडला.

म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली होती. मूळच्या मुंबईच्या या बाई लग्नानंतर तिकडे स्थायिक झाल्या. त्यांच्याच संस्थेने २००८ साली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे केंद्र सुरू केले. तिथे गाजलेल्या केराबाई सरगर यांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. मला रेडिओवर बोलायला ठेवा, असे त्या सांगायला गेल्या. लिहिता-वाचता येत नाही, मग कागद कसा तयार करणार, असे विचारताच त्या म्हणाल्या की लिहिता येत नसले तरी गाता येते, त्यात काय एवढे! आणि खरोखरच लोक त्यांना ऐकू लागले. मी सातवी शिकलेली असून मंडळाच्या सभेत आभार मानताना माझे पाय लटपटतात.

२०१३ च्या मे महिन्यात मी आईला घेऊन मामांकडे गेले. मोठा दुष्काळ होता. म्हसवडला या संस्थेच्या चारा छावणीत हजारो जनावरे बांधलेली होती. पाण्याचे एक भांडे सांडले तरी मामी हळहळे. अशा त्या दुपारी ओसरीवरच्या रेडिओतून एक बाई ओवी म्हणू लागली. आईने हातातला पदर तसाच धरला. “आगं, ही तर आपली चाल!” एवढेच ती म्हणाली आणि या वेळी मात्र न थांबता रेडिओबरोबर गाऊ लागली.

वडील गेल्यानंतर आई माझ्याकडे बदलापुरातच राहत होती. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी म्हणाली, “ते बटन फिरीव की गं, म्हसवड लाव.” मी नव्वद पॉइंट चारवर काटा आणला. नुसती खरखर. असल्या केंद्रांची ताकद थोडी, आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या आत संपतो, हे तिला समजावले. ती गप्प बसली. दोन-तीन दिवस तिने स्वतःच काटा फिरवून पाहिला. मग एका सकाळी खरखर चालू असतानाच ती गाऊ लागली, आणि मी मुलाच्या गणिताच्या वहीची मागची पाने उघडून लिहायला बसले.

आई २०१६ साली गेली. वहीत तिच्या एकशे सात ओव्या आहेत. चाल मात्र वहीत नाही. मोबाइल तेव्हा घरात होता, पण तो समोर धरला की ती लाजे, आणि मीही उद्या-परवा म्हणत राहिले.

गी पॉइटेव्हिन आणि हेमा रायरकर यांनी महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आपल्याला तेवढे कुठे जमणार! पण आपल्या ओळखीत उल्हासनगरच्या सिंधी घरांतून लग्नात लाडा गाणाऱ्या बाया आहेत, बदलापूर-अंबरनाथच्या आगरी वस्तीत धवला म्हणणाऱ्या म्हाताऱ्या धवलारणी आहेत. दर बुधवारी दुपारी तीन वाजता मी वही आणि मोबाइल घेऊन मंडळात बसते. ज्यांच्या सासूबाई, आत्याबाई गातात त्यांनी त्यांना जरूर आणावे. जिना चढवत नसेल तर निरोप पाठवा, मी घरी येईन.