राहुरीला न पोचलेलं मूळ

ऑगस्ट १९३६. दौंड-मनमाड मार्गावरच्या गाडीतून तुम्ही राहुरीला उतरता. पावसाने नुकतीच उघडीप दिली आहे आणि वहाणेला चिखलाचा जाड थर बसतो. खिशातला मोबाइल निकामी झालाय. डोक्यात पुढच्या नव्वद वर्षांचं ज्ञान आहे, पण ते इथे कोणाला सांगावं तर तुम्हालाच आत बसवतील. कारण तुम्ही निघाला आहात मेहेरबाबांनी नुकत्याच सुरू केलेल्या आश्रमाकडे. गावातली माणसं त्याला सरळ ‘वेड्यांचा आश्रम’ म्हणतात.

आत एकजण भिंतीकडे तोंड करून कोणाशी तरी तावातावाने भांडतोय. दुसऱ्याने सदऱ्याच्या चिंध्या केल्यात. तिसरा सकाळपासून त्याच जागी तसाच उभा आहे. आणि मधोमध एक माणूस बाह्या सारून एकेकाला न्हाऊ घालतोय. हेच मेहेरबाबा. ते अकरा वर्षांपासून मौनात आहेत. सांगायचं ते अक्षरफळ्यावर बोट फिरवून सांगतात. दाढी तेच करतात, घास तेच भरवतात, संडासही तेच साफ करतात. देवाच्या ओढीने भान हरपलेले ‘मस्त’ वेगळे आणि वेडे वेगळे, असं ते मानतात. तुमची श्रद्धा असो वा नसो, पाठ चोळणारा तो हात तुम्ही बघत राहता. या माणसांच्या अंगाला असा हात कित्येक वर्षांत लागला नसावा.

याला पर्याय काय होता? १९१२ चा वेड्यांचा कायदा, मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणि येरवड्याचं मेंटल हॉस्पिटल. नाहीतर घरी दावं.

तुमच्या जिभेवर ‘डोपामिन’ हा शब्द आलेला असतो, पण इथे तो फुकट आहे. मेंदूत डोपामिनला स्वतःचं काही काम असेल, हे जगात कोणाच्या स्वप्नातही नाही. केंब्रिजमध्ये १९२८ साली मेरी हेअर या तरुण संशोधिकेला यकृतात एक विकर सापडलं आहे. टायरामिन नावाच्या अमाइनचं ते विघटन करतं. पुढे त्याला मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणतील. त्याचा वेडाशी संबंध जोडायला अजून दोन दशकं आहेत.

औषध मात्र आहे. सर्पगंधेचं मूळ. बिहारकडे त्याला ‘पागल की दवा’च म्हणतात. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर ते लागू पडतं, असं छापून सांगितलंय. १९३४ पासून हिमालय कंपनीची ‘सर्पिना’ गोळीही बाजारात आहे. म्हणजे तुम्ही इथे उभे आहात तेव्हा त्या निबंधाला पाच वर्षं होऊन गेली आहेत. आश्रमात त्याचं नाव कोणाच्या तोंडी नाही. दिवसभर कान देऊन ऐकलंत तरी नाही.

पुढची उडी मुंबईला. चाळीसचं दशक सरत आलंय, परळचं केईएम हॉस्पिटल. डॉ. रुस्तम जाल वकील रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन वाढत्या-उतरत्या आकड्यांची चोख नोंद ठेवताहेत. खाटेवरच्या माणसाशी तुम्ही बोलायला बसता. नाक चोंदलंय, झोप फार येते, पण पूर्वीसारखं उगाच अंगावर येत नाही, असं तो म्हणतो. त्याच्या या साध्या तक्रारीत अख्खं रसायनशास्त्र आहे, पण ते त्याला आणि वकिलांनाही ठाऊक नाही. १९४९ साली त्यांचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून येतो आणि जग या मुळाकडे वळून बघतं. मूळ तेच, माहिती बरीचशी तीच. पण यावेळी आकडे लंडनच्या नियतकालिकात होते. मला हे थोडं टोचतं.

१९५२ मध्ये बाझलच्या सीबा कंपनीतले रसायनज्ञ त्या मुळातून रेसर्पीन वेगळं काढतात. १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड इस्पितळात नेथन क्लाइन ते मनोरुग्णांना देतात. १९५५ मध्ये संशोधक ब्रोडी आणि त्यांचे सहकारी दाखवतात की रेसर्पीन दिलं की शरीरातला सिरोटोनिनचा साठा रिता होतो.

कसा, ते कणगीवरून समजून घ्या. चेतापेशी निरोप पोचवणारी आपली रसायनं, म्हणजे सिरोटोनिन, डोपामिन, नॉरअॅड्रेनलिन बारीक पिशव्यांत साठवते. रेसर्पीन या कणगीचं तोंड बांधतं. धान्य आत जाईना, अंगणात पडून राहतं, आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं मोकाट ढोर ते फस्त करतं. परळच्या त्या माणसाचं नाक चोंदलं ते यामुळेच: नॉरअॅड्रेनलिन संपलं, रक्तवाहिन्या सैलावल्या, दाब उतरला आणि नाकातलं अस्तर सुजलं.

आता ढोरच बांधून ठेवलं तर? स्टेटन आयलंडच्या सी व्ह्यू क्षय रुग्णालयात १९५२ साली क्षयावरचं इप्रोनियाझिड दिलेले रुग्ण वॉर्डात नाचायला लागले होते. ते औषध या विकरालाच अडवतं, हे त्याच वर्षी झेलर या संशोधकाने दाखवलं. जनावरांना आधी इप्रोनियाझिड आणि मग रेसर्पीन दिलं, तर ती मलूल व्हायच्या ऐवजी उलट चवताळली. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पीनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचलं आणि ससे उठून बसले. डोपामिनची खरी ओळख त्यातून झाली. इप्रोनियाझिड यकृत बिघडवतं म्हणून पुढे मागे पडलं. त्याचं भावंड आयसोनियाझिड मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रांत क्षयाच्या गोळीत आजही आहे.

यातून ‘रसायन कमी, म्हणून मन उदास’ असं सोपं सूत्र निघालं आणि ते फार खपलं. ते तितकं खरं नाही. आजच्या एस्सिटालोप्रामसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या सिरोटोनिनचं परत शोषण काही तासांतच अडवतात, पण माणसाला बरं वाटायला दोन-चार आठवडे जातात. मधल्या दिवसांत मेंदूत नेमकं काय बदलतं, यावर अजून एकमत नाही. गोळी लागू पडते, हे त्यामुळे खोटं ठरत नाही.

परत नगर जिल्ह्यात या. आता अहिल्यानगर. शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण बायकांना आणतात. राहुरीतलं न्हाऊ-जेवू घालणं आणि मानसोपचार तिथे एकाच छताखाली आहेत.

आणि एखाद्या तालुक्याच्या ओपीडीत तुम्ही बाकावर बसलेले असता. तुमच्यापुढे एक बाई थोरल्या बहिणीला घेऊन आली आहे. डॉक्टर विचारतात, “मावशी, त्रास केव्हापासून?”

“माझ्या लग्नाच्या आधीपासनं. तेरा-चौदा वर्सं झाली.”

“मग इतके दिवस?”

“देवऋषी केला, कानिफनाथाला मढीला नेलं. गोळी असते म्हनून कुनी बोललंच न्हाई.”

डॉक्टर केसपेपरवर लिहितात आणि चिठ्ठी फाडून देतात. “रात्री जेवल्यावर एक. तीन आठवडे फरक दिसला नाही तरी बंद करायची नाही. आणि पुढच्या वेळी हिलाच बोलू द्या.”